आठ लेखक, नव्वद मिनिटे: ज्यू पुस्तक महोत्सवातील ‘आपल्या गावचे लेखक’

अमेरिकेतल्या एका मध्यम आकाराच्या शहरातले ज्यू कम्युनिटी सेंटर. रविवार, ९ नोव्हेंबर, दुपारचे दोन. दहा दिवसांच्या पुस्तक महोत्सवातले ‘आपल्या गावचे लेखक’ हे सत्र. मंचावर आठ लेखक, समोर १२० खुर्च्या, त्यांतल्या शंभरेक भरलेल्या, हाताशी ९० मिनिटे. साडेतीनला संपायचे सत्र चारला चार मिनिटे कमी असताना संपले. श्रोते पुस्तकांच्या टेबलापर्यंत पोहोचेतो निम्मे घरी गेले होते. आठ जणांच्या मिळून १९ प्रती विकल्या गेल्या. सहा वाजता त्याच सभागृहात १९३८च्या ‘क्रिस्टालनाख्ट’चा, म्हणजे नाझींनी ज्यूंवर केलेल्या हल्ल्यांच्या रात्रीचा, स्मृतिकार्यक्रम होता. त्यासाठी मेणबत्त्या घेऊन आलेल्या मंडळींना खुर्च्या आणि खोकी हलवण्याच्या गडबडीत दाराशी ताटकळावे लागले.

हे प्रकरण कुठल्याही एका संस्थेचे नाही. अशा महोत्सवांत जे पुन्हा पुन्हा घडते, ते एका दुपारीत बसवून दाखवले आहे, आणि आकडे त्या नमुन्यातले आहेत. मात्र त्यातली एकही चूक काल्पनिक नाही. लेखक चांगले होते, श्रोते उत्सुक होते, स्वयंसेवक राबत होते. तरीही दुपार फसली. याचे कारण एकच. पाहुण्या लेखकासाठी जी शिस्त पाळली जाते ती गावच्या लेखकासाठी पाळली गेली नाही. ‘आपलीच माणसे आहेत, सांभाळून घेतील’ म्हणून सत्र मान राखण्यापुरते आखले गेले, आणि त्यात मान राहिला नाही.

महोत्सव नोव्हेंबरातच का

१९२५ साली बॉस्टन सार्वजनिक ग्रंथालयाच्या वेस्ट एंड शाखेत फॅनी गोल्डस्टीन या ग्रंथपालबाईंनी ज्यू पुस्तकांचे प्रदर्शन मांडले. त्यातून ‘ज्यू पुस्तक सप्ताह’ रुजला आणि १९४३मध्ये सप्ताहाचा महिना झाला. हा महिना हनुकाच्या आधीचा धरतात. हनुका भेटी देण्याचा सण, त्यामुळे त्याआधी पुस्तके मांडली की वाचनही होते आणि खरेदीही. आज देशभरची ज्यू कम्युनिटी सेंटरे, सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळे) आणि ग्रंथालये याच सुमारास महोत्सव भरवतात.

बाहेरगावचे लेखक कसे निवडले जातात, ते इथे महत्त्वाचे आहे. ज्यू बुक कौन्सिल ही संस्था दरवर्षी वेगवेगळ्या शहरांतल्या आयोजकांसमोर लेखकांना उभे करते आणि प्रत्येकाला जेमतेम दोन मिनिटे देते. तेवढ्यात आपले पुस्तक काय आहे आणि ते ऐकायला लोकांनी का यावे, हे सांगायचे असते. या चाळणीतून आलेला लेखक महोत्सवात ४० मिनिटे बोलतो तेव्हा त्याचे बोलणे घासून पुसून तयार असते. त्याची पुस्तके प्रकाशकाने महिनाभर आधी विक्रेत्याकडे पोहोचवलेली असतात. गावचा लेखक या चाळणीतून जात नाही. तो ओळखीने येतो, अर्ज करून येतो, किंवा समितीतल्या कोणाला तरी नाही म्हणवत नाही म्हणून येतो. त्याला कोणीच कधी ‘दोन मिनिटांत सांगा’ असे म्हटलेले नसते. नेमकी हीच उणीव आयोजकांनी भरून काढायची असते.

मंचावर कोण होते

एका लेखिकेने होलोकॉस्टमधून वाचलेल्या आपल्या आईच्या आठवणी लिहिल्या होत्या. बाकीची पुस्तके म्हणजे शब्बातवरचे, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसावरचे, मुलांचे चित्रपुस्तक, गावातल्या जुन्या ज्यू वस्तीचा इतिहास, एक हेरकथा, एक कवितासंग्रह, आजोबांच्या यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची, हिब्रू लिपीत लिहिली जाणारी भाषा) पत्रांचा इंग्रजी अनुवाद आणि सणांच्या पाककृतींचे पुस्तक. आठवे पुस्तक मराठी वाचकाला जवळचे वाटेल: अलिबागजवळच्या खेड्यातून मुंबईत, तिथून इस्राएलमध्ये आणि पुढे अमेरिकेत आलेल्या एका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू, घराण्याची कहाणी. आडनाव गावावरून पडलेले, शेवटी ‘कर’ असलेले. पुस्तक इंग्रजीत, पण मधूनमधून आजीची मराठी गाणी आणि पत्रे देवनागरीत छापलेली.

आठांपैकी तीन पुस्तके प्रकाशकांनी काढलेली होती. पाच लेखकांनी स्वतः, मागणीनुसार छपाई करणाऱ्या सेवांतून. ही पाच-तीनची विभागणी पुढच्या निम्म्या गोंधळाच्या मुळाशी आहे.

वेळ कुठे गेला

कार्यक्रमपत्रिकेत हिशेब असा होता: आठ लेखक, प्रत्येकी १० मिनिटे, म्हणजे ८०, उरलेली १० मिनिटे प्रश्नांना. कागदावर बरोबर, सभागृहात अशक्य. निवेदक प्रत्येकाची ओळख वाचायला एक मिनिट घेतो. लेखक खुर्चीतून उठतो, माइक स्वतःच्या उंचीला आणतो, पाण्याचा घोट घेतो, आभार मानतो. आणखी एक मिनिट. आणि दहा मिनिटे दिलेला माणूस साडेबारा मिनिटे बोलतो, कारण त्याच्या समोर घड्याळ नसते आणि हातात संपूर्ण प्रकरण असते. म्हणजे एकाला साडेचौदा मिनिटे, आठांना ११६. प्रश्नांना जागाच उरली नाही. शेवटच्या दोन लेखकांना ‘जरा आवरा’ अशा चिठ्ठ्या गेल्या. त्यांतली एक कवितासंग्रहाच्या लेखिकेला गेली. तिने तीन कविता गाळल्या, आणि गाळलेल्यांत तिची सर्वांत चांगली कविता होती.

आपल्या साहित्य संमेलनातल्या कविकट्ट्यावर ज्यांनी तासन् तास काढले आहेत, त्यांना हे चित्र नवीन नाही. फरक एवढाच की तिथे सत्र लांबले तर रात्र पुढे सरकते. इथे सभागृह सहाला दुसऱ्या, फार गंभीर कामासाठी हवे होते.

उपाय वक्त्याला दटावण्यात नाही, आखणीत आहे. इंग्रजीत सावकाश बोलणारा माणूस मिनिटाला साधारण १३० शब्द बोलतो. सहा मिनिटे दिली तर त्याला ७८० शब्द मिळतात. त्यांतले २६० शब्द, म्हणजे छापील पानभर मजकूर, वाचनाला आणि उरलेले ५२० बोलायला. हा आकडा लेखकाला निवडीच्या पत्रातच कळवायचा आणि वाचायचा उतारा तीन आठवडे आधी मागवायचा. उतारा निवडताना लेखकांची एक चूक हमखास होते: ते पुस्तकाची सुरुवात वाचतात. सुरुवातीला पात्रांची ओळख असते, पार्श्वभूमी असते, आणि श्रोत्याला पकडून ठेवणारे काही घडायच्या आतच वेळ संपतो. मधला एखादा प्रसंग घ्यावा, त्याआधी दोन वाक्यांत संदर्भ द्यावा आणि गोष्ट अधांतरी असताना थांबावे. हेरकथेच्या लेखकाने नेमके उलटे केले. त्याने शेवट उलगडून टाकला आणि त्याच्या दोनच प्रती गेल्या.

ओळखीचेही तसेच. लेखकाने पाठवलेला परिचय ३०० शब्दांचा असतो. त्यात शाळा, नोकरी, नातवंडे सगळे येते. निवेदकाने तो ४० शब्दांवर आणायचा, लेखकाला दाखवून घ्यायचा आणि नावांचे उच्चार शेजारी लिहून ठेवायचे. बेने इस्राएल लेखकाच्या आडनावातला ‘गाव’ निवेदकाने ‘गॉव्ह’ केला, आणि यिडिश अनुवादकाच्या नावातला घशातला ‘ख’ साधा ‘क’ झाला. हे क्षुल्लक वाटते, पण ज्या समाजात नाव बदलून देशोदेशी जगावे लागले, तिथे नाव नीट उच्चारणे हाच पहिला आदर असतो.

लेखकांच्या नजरेसमोर, पहिल्या रांगेत एक स्वयंसेवक तीन पाट्या घेऊन बसवायचा: ‘२ मिनिटे’, ‘१ मिनिट’, ‘थांबा’. पाट्या आधी लेखकांना दाखवायच्या. माइक दोन लागतात: व्यासपीठावर वाकवता येणारा पक्का एक आणि निवेदकाच्या हातात एक. कॉलरला लावायचा माइक अशा सत्रात घेऊ नये, कारण तो आठ वेळा काढा-लावायला लागतो. श्रोत्यांत वयस्कर माणसे बहुसंख्य असतात, म्हणून ध्वनितपासणी रिकाम्या सभागृहात करून भागत नाही. शेवटच्या रांगेत एका माणसाला बसवून पुस्तकातला प्रत्यक्ष उतारा वाचून पाहायचा.

पुस्तके कुठे अडकली

महोत्सवाचे पुस्तकविक्रेते गावातलेच एक स्वतंत्र दुकान होते. ही चांगली प्रथा आहे. पैसे, विक्रीकर, कार्डाचे यंत्र हे सगळे दुकान सांभाळते आणि विक्रीचा ठरलेला हिस्सा संस्थेला देते. पण दुकान पुस्तके मागवते ती घाऊक वितरकाकडून, आणि दोन अटींवर: छापील किमतीवर साधारण ४० टक्के सवलत आणि न विकलेल्या प्रती परत घेण्याची तयारी. प्रकाशकांची तीन पुस्तके या अटींत बसली. स्वप्रकाशित पाचांपैकी चार बसली नाहीत. मागणीनुसार छापलेली पुस्तके बहुधा परत घेतली जात नाहीत, आणि दुकानाला मिळणारी सवलतही तुटपुंजी असते. दुकानाने ती मागवलीच नाहीत, आणि हे सत्राच्या चार दिवस आधी उघड झाले.

मग धावपळ. लेखकांनी घरच्या प्रती आणल्या. दोघांनी आणलेल्या प्रतींच्या मुखपृष्ठावर ‘विक्रीसाठी नाही’ असा आडवा पट्टा होता. या मुद्रित तपासणीच्या प्रती. छपाई सेवा त्या लेखकाला तपासून पाहण्यासाठी पाठवते आणि त्या विकायच्या नसतात. विकायच्या त्या ‘लेखक-प्रती’, वेगळ्या मागवाव्या लागतात आणि यायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. एका पुस्तकावर बारकोड होता पण किंमत नव्हती; गल्ल्यावरच्या मुलीने अंदाजाने किंमत लावली. एका लेखकाने तर दुकानाला वाटा द्यायला नको म्हणून दालनाबाहेर आपल्या पिशवीतून मित्रांना सहा प्रती विकल्या. हेतू वाईट नव्हता, पण त्यामुळे विक्रीकराचा प्रश्न उभा राहतो, दुकानाशी झालेला करार मोडतो, आणि पुढच्या वर्षी ते दुकान गावच्या लेखकांच्या सत्राला यायला कां-कूं करते.

यावर खात्रीचा मार्ग म्हणजे ‘विक्री किंवा परत’ या बोलीवर प्रती ठेवणे. लेखक स्वतःच्या १५ प्रती दुकानाकडे देतो. विकल्या जातील त्यांच्या किमतीचे ६० टक्के लेखकाला, ४० टक्के दुकानाला. एक पानी फॉर्म दोन प्रतींत भरायचा: पुस्तकाचे नाव, आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक), छापील किंमत, दिलेल्या प्रती, विकलेल्या, परत केलेल्या, दोन्ही बाजूंच्या सह्या, पैसे देण्याची शेवटची तारीख. एवढा कागद असला तर नंतरची बहुतेक भांडणे होतच नाहीत.

पाककृतींच्या पुस्तकाचा हिशेब पाहू. किंमत १८ डॉलर. हा आकडा हेतुपुरस्सर ठेवलेला. हिब्रूत अक्षरांना अंकमूल्य असते आणि ‘हाय’, म्हणजे ‘जिवंत’, या शब्दाच्या अक्षरांची बेरीज १८ होते. म्हणून ज्यू लोक भेटी आणि देणग्या १८च्या पटीत देतात. १८चे ६० टक्के १० डॉलर ८० सेंट. प्रतीची छपाई आणि टपाल मिळून ५ डॉलर पडले असतील तर लेखिकेच्या हाती ५ डॉलर ८० सेंट उरतात. १५ प्रती गेल्या तर ८७ डॉलर. यातून कोणी श्रीमंत होत नाही, पण तोटाही होत नाही, आणि हे गणित लेखकाला आधी कागदावर दाखवले तर पिशवीतून विकायचा मोहही उरत नाही.

आयएसबीएन हाही एक मुद्दा आहे. भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो, त्यामुळे आपल्याकडच्या लेखकाला त्याचे ओझे जाणवत नाही. अमेरिकेत एकच घेतला तर १२५ डॉलर मोजावे लागतात. म्हणून अनेक जण छपाई सेवेचा फुकटचा क्रमांक घेतात. मग प्रकाशकाच्या जागी ‘स्वतंत्रपणे प्रकाशित’ असे छापले जाते आणि तो क्रमांक घेऊन पुस्तक दुसऱ्या छपाई सेवेकडे नेता येत नाही. महोत्सवापुरते त्याने अडत नाही. दुकानात आणि ग्रंथालयात पुस्तक कायमचे जावे असे वाटत असेल तर अडते.

किती प्रती ठेवायच्या? श्रोत्यांच्या संख्येला लेखकांच्या संख्येने गुणू नये. शंभर माणसांत आठ लेखक असतील तर प्रत्येकाच्या १० प्रती पुरतात. अपवाद मुलांच्या पुस्तकाचा आणि पाककृतींचा. हनुकाच्या भेटीसाठी एकेक माणूस तीन-तीन नेतो, म्हणून तिथे २०. आठवणींच्या पुस्तकाला लेखकाचे नातेवाईक आणि सिनेगॉगमधले परिचित येतात, तिथे १५. कवितेला ८. कवितेच्या प्रती कमी ठेवताना वाईट वाटते, पण संपलेली आठ पुस्तके उरलेल्या वीसांपेक्षा कवीला जास्त बळ देतात.

टेबल कुठे होते

पुस्तकांचे टेबल वळणापलीकडच्या मार्गिकेत होते, स्वाक्षरीचे टेबल सभागृहातच मंचाजवळ, आणि बाहेर जायचे दार तिसऱ्या बाजूला. म्हणजे पुस्तक घ्यायला बाहेर जा, सही घ्यायला परत आत या, मग पुन्हा बाहेर. पंचाहत्तरीच्या माणसाला हा फेरा नको असतो. क्रम असा हवा: सभागृहाचे दार, लगेच पुस्तके, मग गल्ला, मग स्वाक्षरी, मग बाहेरचे दार. सहा फुटी टेबलावर दोन लेखक बसतात. आठांना चार टेबले. प्रत्येकासमोर नावाची पाटी, दोन पेन, आणि गल्ल्यावर चिकट चिठ्ठ्यांचे पॅड. सही कोणाच्या नावे हवी ते गल्ल्यावरच चिठ्ठीवर लिहून पुस्तकात लावायचे. एकच नाव चार तऱ्हांनी लिहिले जाते, आणि चुकीच्या नावाने सही झालेली प्रत दुसऱ्या कोणाला विकता येत नाही. मुलांच्या चित्रपुस्तकाचा कागद गुळगुळीत असतो; त्यावर जेल पेनची शाई पसरते, तिथे बारीक टोकाचा कायमच्या शाईचा पेन लागतो.

हिब्रू मजकूर असलेली पुस्तके उजवीकडून डावीकडे उघडतात. स्वयंसेवकाने ती इतर पुस्तकांसारखी मांडली आणि मागचे पान वर आले. यावर अर्ध्या मिनिटाची सूचना पुरते. त्याहून महत्त्वाची सूचना: प्रार्थनेचा मजकूर किंवा हिब्रूत देवाचे नाव छापलेली पुस्तके जमिनीवर ठेवायची नाहीत, त्यांची खोकीही नाहीत. पुस्तकाला पाय लागला तर हात लावून कपाळी नेणाऱ्या आपल्या लोकांना हे समजावून सांगावे लागणार नाही. खोक्यांसाठी एक जादा टेबल मागच्या बाजूला लावून ठेवायचे.

कोणी कोणानंतर बोलावे

पहिल्या आखणीत क्रम आडनावांच्या अक्षरक्रमाने लावला होता. न्याय्य वाटतो, पण त्यामुळे शब्बातच्या चित्रपुस्तकातल्या गमतीदार बकरीनंतर लगेच छळछावणीतल्या आईची आठवण आली. सभागृह अजून हसत होते. त्या लेखिकेने पहिले वाक्य दोनदा म्हटले.

होलोकॉस्टचे पुस्तक पहिले ठेवू नये. श्रोते अजून स्थिरावत असतात, उशिरा आलेले खुर्च्या शोधत असतात. शेवटीही ठेवू नये, कारण मग प्रश्नोत्तरे सगळी त्याच पुस्तकावर जातात आणि उरलेले सात लेखक मूक बसतात. तिसरे किंवा चौथे ठेवावे. आधी वस्तीचा इतिहास, नंतर कविता, आणि मध्ये निवेदकाने काहीही न बोलता थोडे थांबावे. त्याने ‘किती हृदयद्रावक’ वगैरे म्हणू नये. शांतता पुरते. त्यानंतरच्या कवीला आधीच सांगून ठेवायचे, म्हणजे तो साजेशी कविता निवडतो. मुलांचे पुस्तक पहिले, पाककृती शेवटी. लोक टेबलाकडे जाताना त्या मनात ताज्या असतात.

त्या दिवशी तारीखही ९ नोव्हेंबर होती. १९३८मध्ये ९ आणि १० नोव्हेंबरला जर्मनी आणि ऑस्ट्रियात सिनेगॉग जाळले गेले, दुकाने फोडली गेली, माणसे धरून नेली गेली. २०२५मध्ये ही तारीख रविवारीच आली. नोव्हेंबरात महोत्सव भरवणाऱ्याने ती आखणीच्या पहिल्या दिवशी कॅलेंडरवर लिहून ठेवली पाहिजे. त्या दिवशी साहित्यिक कार्यक्रम ठेवायला हरकत नाही, पण तो दुपारी लवकर आटोपावा, फुगे-पताका नसाव्यात, आणि स्मृतिकार्यक्रमाच्या आधी सभागृह दोन तास रिकामे असावे.

प्रश्नोत्तरांची अडचण वेगळी. अशा सभेत हात वर करणारे पुष्कळ जण प्रश्न विचारत नाहीत, आपल्या घराची गोष्ट सांगू लागतात. ती गोष्ट मोलाची असते आणि तिला मध्येच तोडणे क्रूर वाटते. म्हणून प्रश्न चिठ्ठीवर घ्यावेत. खुर्च्यांवर आधीच कार्डे आणि पेन्सिली ठेवायच्या, पाचव्या लेखकानंतर गोळा करायच्या, आणि निवेदकाने प्रत्येक लेखकाला किमान एक प्रश्न जाईल असे निवडून वाचायचे. ज्यांना आपली गोष्ट सांगायची आहे त्यांच्यासाठी स्वाक्षरीच्या टेबलाशेजारी दोन खुर्च्या आणि एक शांत माणूस ठेवावा. ही युक्ती साधी आहे, आणि आईच्या आठवणी लिहिणाऱ्या लेखिकेला पुढच्या पुस्तकाची सामग्री बहुतेक वेळा त्याच खुर्च्यांवर मिळते.

मलिद्याचे ताट

बेने इस्राएल लेखकाने आयोजकांना न विचारता घरून मलिदा करून आणला होता: भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलदोडा, सुका मेवा, कडेने फळे. एलियाहू हन्नाबी, म्हणजे प्रेषित एलियाहू, याच्या नावाने हा मलिदा बेने इस्राएल घरांत होतो. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहूच्या रथाच्या खुणांचा खडक दाखवतात आणि तिथे आजही नवस फेडले जातात. पुस्तकातला सर्वांत सुंदर भाग याच विधीचा होता. म्हणजे ताटाला अर्थ होता, आणि तरी स्वयंपाकघराच्या देखरेखनिसाने, मशगियाखने, ते आत येऊ दिले नाही. पाककृतींच्या लेखिकेच्या घरच्या बिस्किटांनाही तेच उत्तर मिळाले.

देखरेखनीस नियमाने वागला. सेंटरचे स्वयंपाकघर कोशेर, म्हणजे ज्यू आहारनियम पाळणारे, असते: दूध आणि मांस यांची भांडी वेगळी, साहित्य तपासलेले, प्रमाणपत्र टांगलेले. घरात तयार झालेला पदार्थ, मग घर कितीही काटेकोर असो, सार्वजनिक कार्यक्रमात ठेवता येत नाही, कारण तो कशात आणि कशाशेजारी शिजला हे देखरेखनिसाने पाहिलेले नसते. मलिद्यात शिजवण्याचे जवळजवळ काहीच नाही, म्हणून मार्ग सोपा होता. बंद पाकिटातले पोहे आणि खोबरे दहा दिवस आधी देखरेखनिसाला दाखवायचे, सेंटरच्याच भांड्यात, त्याच्या समोर कालवायचे. दूध-मांस काहीच नसल्याने तो कोणत्याही जेवणाबरोबर चालतो. शंभर माणसांना चव देण्यापुरते साडेतीन-चार किलो पोहे खूप झाले. पाककृतीच्या लेखिकेसाठी कोशेर केटररकडून एकच पदार्थ करून घ्यायचा आणि कृतीचे कार्ड वाटायचे. कार्ड घरी जाते, आणि त्यावर पुस्तकाचे नाव असते.

त्याच लेखकाच्या सादरीकरणात दुसरा अपघात झाला. पडद्यावर आजीचे पत्र दाखवायचे होते. सेंटरच्या संगणकावर देवनागरी फाँट नव्हता. वेलांट्या अक्षर सोडून पलीकडे गेल्या, जोडाक्षरे फुटली. यिडिश पत्रांच्या अनुवादकाची हिब्रू लिपी उलट्या क्रमाने उमटली. इंग्रजीखेरीज कुठलीही लिपी पडद्यावर न्यायची तर ती चित्र म्हणून न्यावी. मूळ पत्राचा स्कॅन दाखवावा, शक्यतो शाईच्या डागांसकट. ज्या समाजासाठी मुंबईत १८४६मध्ये पेसाह सणाच्या रात्री वाचायची हगादा ही पोथी मराठी भाषांतरासह छापली गेली, त्या समाजाचे पत्र फुटक्या जोडाक्षरांत दिसणे पाहवत नाही.

वेळापत्रक मागून पुढे

नोव्हेंबरचा कार्यक्रम असला तरी काम सप्टेंबर-ऑक्टोबरात करता येईल असे नवखा आयोजक धरून चालतो. त्याच दोन महिन्यांत रोश हशाना (बेने इस्राएलांचा ‘नव्याचा सण’), योम किप्पुर, सुक्कोत आणि सिम्हात तोरा हे ज्यूंचे सण येतात. २०२४मध्ये हा पट्टा २ ऑक्टोबरच्या संध्याकाळी सुरू होऊन २५ ऑक्टोबरला संपला. २०२५मध्ये २२ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. कार्यालय मधूनमधून बंद, स्वयंसेवक सिनेगॉगमध्ये, ईमेलना उत्तरे नाहीत. म्हणून सगळे निर्णय ऑगस्टअखेर व्हायला हवेत.

अर्ज मार्च ते मे. ‘गावचा’ म्हणजे कोण हे अर्जातच लिहायचे: इथे राहणारा, की इथे वाढलेला आणि आता दुसरीकडे असलेलाही? पुस्तक गेल्या दोन वर्षांतले हवे का? ज्यू विषय हवा, की लेखक ज्यू असणे पुरते? हेरकथेत ज्यू असे काहीच नव्हते, आणि त्यावर समितीत निवडीनंतर वाद झाला. तो निवडीआधी व्हायला हवा होता. जून-जुलैत प्रत्येक पुस्तक तीन जणांनी वाचायचे. फक्त मुखपृष्ठ आणि परिचय पाहून निवड करू नये. स्वप्रकाशित पुस्तकांत संपादनाचा दर्जा फार वरखाली असतो आणि तो पन्नासाव्या पानावर कळतो. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात होकार आणि नकार, दोन्ही. नकाराच्या पत्रात दुसरे काही द्यावे: ग्रंथालयातले वाचन, वाचकगटाची भेट. महिनाअखेर दुकानाला यादी आणि स्वप्रकाशित लेखकांकडून सही केलेले फॉर्म. लेखक-प्रती सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मागवायच्या, म्हणजे खराब बांधणीचे खोके आले तर बदलून घ्यायला वेळ उरतो.

दिवस रविवारच ठेवावा. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत शब्बात. त्यात पैसे हाताळणे नाही, लिहिणे नाही, म्हणजे विक्री आणि स्वाक्षरी दोन्ही नाहीत. शनिवारी रात्री कार्यक्रम करता येतो, पण टेबले मांडायचे कामसुद्धा शब्बात संपल्यावरच सुरू करायचे असल्याने आठ लेखकांच्या सत्राला तो सोयीचा नाही.

सुरक्षेचे काम शेवटच्या आठवड्यावर टाकू नये. पिट्सबर्गच्या ट्री ऑफ लाइफ सिनेगॉगमध्ये २७ ऑक्टोबर २०१८ला ११ माणसे मारली गेली. तेव्हापासून अशा इमारतींत पिशव्यांची तपासणी आणि आधी दिलेल्या नावांची यादी नेहमीची झाली आहे. लेखक पुस्तकांचे खोके घेऊन समोरच्या दाराने आला की रांग अडते. खोकी आदल्या गुरुवारी दुकानाकडे पोहोचवावीत, आणि लेखकांच्या सोबत येणाऱ्यांची नावे दहा दिवस आधी घ्यावीत.

दुरुस्त आखणी

त्याच आठ लेखकांसाठी, त्याच सभागृहात: दुपारी १ वाजता लेखक हजर, ध्वनितपासणी. दीडला दारे उघडणार. २ ते २:०३ स्वागत. मग आठ लेखक, प्रत्येकी सहा मिनिटे आणि ये-जा व ओळख मिळून एक. ५६ मिनिटे, म्हणजे २:५९. तिथून सव्वातीनपर्यंत चिठ्ठ्यांवरचे प्रश्न. सव्वातीन ते चार पुस्तके, स्वाक्षऱ्या आणि मलिदा. सभागृह सव्वातीनलाच रिकामे होते, कारण सगळे बाहेर टेबलांकडे गेलेले असतात.

दहाहून जास्त लेखक असतील तर त्यांना मंचावर उभे करूच नये. दोन मिनिटांची ओळख आणि दीड तास टेबलांभोवती भेटीगाठी, ही मांडणी वीस लेखकांनाही पेलते. फक्त त्यात कवी आणि अनुवादक मागे पडतात, कारण त्यांचे पुस्तक ऐकल्याशिवाय कळत नाही. त्यांच्यासाठी बाजूच्या खोलीत दर अर्ध्या तासाने दहा मिनिटांचे वाचन ठेवावे.

सत्रानंतरचे काम दुकान, संस्था आणि लेखक तिघांचे. उरलेल्या प्रती त्याच संध्याकाळी मोजून, फॉर्मवर आकडा लिहून लेखकाच्या ताब्यात द्यायच्या; ‘नंतर घेऊन जाईन’ म्हणून राहिलेली खोकी फेब्रुवारीपर्यंत कपाटात पडून राहतात. पैसे ३० दिवसांत. प्रत्येक पुस्तकाची एक प्रत संस्थेने विकत घेऊन सेंटरच्या ग्रंथालयात नोंदवायची, भेट म्हणून मागायची नाही. आणि ज्यांना पुस्तक हवे होते पण मिळाले नाही, त्यांची नावे गल्ल्यावरच्या वहीत टिपून, हनुकाच्या आधी पोहोचतील अशी दुकानाने मागवून द्यायची.